उखाण्याची कॅसेट

शालूबाईंना खरं तर तो डेक फक्त जागेवरून हलवायचा होता. त्यांच्या शिवणकामासाठी फॉल-पिकोचं नवं मशीन घरी यायचं होतं, आणि फुलेवाडीतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत ते ठेवण्याजोगं टेबल एकच, खिडकीखालचं. त्या टेबलावर गेली अठरा-वीस वर्षं क्रोशाच्या रुमालाखाली तो डेक बसून होता. दोन कॅसेटचा, जपानी, दोन्ही अंगाला दोन लाकडी बॉक्स. कृष्णातरावांचा दोस्त जोतीराम मस्कतला नोकरीला असायचा, त्यानं त्र्याण्णव साली तो विमानातून आणून दिला होता. बारा-तेरा वर्षं झकास वाजला. मग एका संध्याकाळी त्यानं भजनाची कॅसेट गिळली आणि जो गप्प झाला तो झालाच.

कृष्णातराव, म्हणजे शालूबाईंचे मालक, दूध संघात फॅट तपासायच्या कामावरून रिटायर झालेले. माणूस मोजक्या बोलण्याचा आणि नेमक्या मापाचा. डेकबद्दल त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: विकायचा न्हाय, आणि दुरुस्तबी हुईत न्हाय, पार्टच मिळत न्हाईत.

हे वाक्य ते गेल्या वर्षापासून जरा जास्तच घाईनं म्हणू लागले होते, आणि त्याला कारण होतं. शालूबाईंचे सयाजीमामा गेल्या वर्षी वारले. पेठ वडगावला त्यांचं घर आवरताना पेटीच्या तळाशी एक कॅसेट सापडली. वर मामांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘शालूचं लगीन, १९८८’. मामा हयात असेपर्यंत त्यांनी ती कुणाला दिली नाही, कुणाला ऐकवलीही नाही. मागितली की म्हणायचे, कुठंतरी ठेवलीय, बघतो. आता कॅसेट शालूबाईंच्या कपाटात होती आणि वाजवायला घरात काही नव्हतं.

त्या कॅसेटीत एका छत्तीस वर्षांच्या भांडणाचा निकाल होता. लग्नात नवऱ्यामुलानं नाव घ्यायचं तेव्हा कृष्णातराव उखाण्यात अडकले, आणि सयाजीमामांनी मागून सांगितलं म्हणून वेळ निभावली, असं शालूबाईंच्या माहेरी सगळे सांगत. मामा तर प्रत्येक बारशाला, प्रत्येक जत्रेला सांगत, की जावयाची अब्रू मीच राखली. कृष्णातरावांचं म्हणणं, मी अडकलोच न्हाय, एका दमात म्हटलं. त्यांची थोरली बहीण बयाबाई या गोष्टीची साक्षीदार, आणि ती अर्थातच भावाच्या बाजूनं.

तर त्या दुपारी डेक उचलताना शालूबाईंनी तो हलवून बघितला. आत काहीतरी खुळखुळलं. त्यांनी मशीनच्या ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागचे सहा स्क्रू सोडवले. पत्र्याचं झाकण वर उचललं आणि त्या बघतच राहिल्या.

आत एक छोटी मोटर होती. तिच्या टोकाला कप्पी. समोर एक जड, गुळगुळीत चाक. मोटर फिरली की मधल्या पट्ट्यानं चाक फिरणार, चाकानं टेप ओढली जाणार, आणि ओढलेली टेप पलीकडच्या रिळावर बॉबिनवर दोरा गुंडाळावा तशी गुंडाळली जाणार. ताण जास्त झाला की तुटणार, कमी झाला की गोळा होऊन अडकणार. पस्तीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या, फक्त पायानं.

“अहो,” त्या आतल्या खोलीकडं बघून म्हणाल्या, “ह्यात शिलाई मशीनच हाय की.”

कृष्णातराव पेपर हातात घेऊन बाहेर आले. बायकोच्या दहाही बोटांना काळं काहीतरी लागलं होतं, कपाळालाही होतं, आणि ती हसत होती. मधला रबरी पट्टा इतक्या वर्षांत विरघळून काकवीसारखा झाला होता. काढावा तितका तो बोटांना चिकटत होता, आणि बोटं जिथं लागतील तिथं जात होता. कृष्णातरावांनी सवयीप्रमाणं आपलं वाक्य म्हटलं. शालूबाईंना ते ऐकूच आलं नाही. त्या एक पांढरा दोरा घेऊन कप्पीवरून चाकावर, चाकावरून परत कप्पीवर असा फिरवून माप घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोरा पर्समध्ये ठेवून त्या केएमटीच्या बसनं लक्ष्मीपुरीत गेल्या. तिथं आकाराम नावाचे एक म्हातारे गृहस्थ पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. पाटी तीच होती, पण तिच्याखाली आता मोबाइलची रंगीबेरंगी कव्हरं लटकत होती. शालूबाईंनी दोरा काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, एवढ्या घेराचा रबरी पट्टा पाहिजे, पण ह्याच्यापेक्षा बोटाचं अर्धं पेर कमी.

आकारामांनी चष्म्यावरून बघितलं. “कमी कशाला?”

“ताणणाऱ्या कापडाला अंगाबरोबर माप धरलं तर ब्लाउज सैल बसतोय. रबराचंबी तेच की.”

आकाराम स्टुलावर चढले. वरच्या फळीवरून त्यांनी बिस्किटाचा एक डबा काढला. त्यात सगळे पट्टेच पट्टे, शंखजिऱ्याच्या पावडरीत घोळवून ठेवलेले. गेल्या पाच वर्षांत तो डबा कुणी मागितला नव्हता. मग त्या दोघांचं असं काही जमलं, की कव्हर घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं वाट बघून निघून गेली. आकारामांनी त्यांना सांगितलं, की आत हात घालण्याआधी वायर काढून अर्धा तास थांबायचं, कारण तो मोठा नळकांड्यासारखा कपॅसिटर शॉक साठवून ठेवतो. टेप जिथं घासते ते हेड आणि टेप दाबणारा रबरी रोलर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे. आवाजाचं बटण खरखरलं तर त्यात मारायचा स्प्रे त्यांनी बाटलीसकट दिला.

त्या संध्याकाळी पट्टा बसला आणि चाक फिरलं. नुसतं फिरलं, कॅसेटसुद्धा घातली नव्हती. तरी शालूबाईंना पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी वर चढत आल्यासारखं झालं. लहानपणी वडगावच्या बाजारात चक्री पाळण्यात बसल्यावर पोटात व्हायचं, तसंच. त्यांनी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग त्यांना उगाचच हसू यायला लागलं आणि ते थांबेना. त्यांची लेक निशिगंधा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत क्वालिटीला होती, ती ड्यूटीवरून येऊन दारात उभी राहिली, तर आई एकटीच टेबलापुढं बसून हसतेय. तिनं वडिलांकडं बघितलं. वडील म्हणाले, “मघापासनं असंच चाललंय.”

पण कॅसेट घातल्यावर आवाज आला तो फाटका. पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसा. शालूबाईंनी बॉक्सचं पुढचं कापड काढलं. स्पीकरच्या कागदी पडद्याभोवती स्पंजाची एक गोल झालर असते, तिच्यावर तो पडदा मागंपुढं हलतो. ती झालर पापडासारखी चुरून खाली पडली होती. आकाराम फोनवर म्हणाले, की अशी झालर पूर्वी मिळायची, आता मुंबईहून मागवावी लागेल, आणि तुमच्या मापाची येईलच असं नाही.

शालूबाई त्या गोल भोकाकडं बघत राहिल्या. हा तर गळा होता. दोन्ही बॉक्स मिळून दोन गळे, गोल, नऊ इंची. आणि गोल गळ्याला सरळ कापडाची पट्टी कधी बसत नाही, ती उरेब कापावी लागते, तिरकी, म्हणजे कापड स्वतःहून वळतं आणि ताणही देतं. त्यांनी अस्तराचं पातळ सुती कापड घेतलं, उरेब पट्ट्या काढल्या, इस्त्रीच्या टोकानं त्यांना गोलाई दिली. आत-बाहेर चिकटवून वरून सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन बोटानं पसरवलं, म्हणजे कापडातून हवा निसटू नये. दोन दिवस ते वाळेपर्यंत त्यांना चैन पडेना. झुंबरबाईंचे तीन ब्लाउज कापून पडले होते, त्यांच्या पुतण्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि शालूबाई दर तासाला जाऊन स्पीकरला बोट लावून बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी डेक वाजला. खर्जातला ढोलक छातीत लागला. कृष्णातराव आतून आले, खुर्चीवर बसले, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला, आणि आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर बोटं मुठीत मिटून घेतली.

“आता ती लावू,” शालूबाई म्हणाल्या.

ती म्हणजे कुठली, हे विचारायची गरज नव्हती. पण त्या कपाट उघडेपर्यंत डेकची मोटर दोनदा किंचाळली आणि थांबली. जळका वास आला. कृष्णातरावांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की निशिगंधाला फस्सकन हसू फुटलं.

मोटर मिळाली. आकारामांकडं एका जुन्या जीपच्या टेपची मोटर होती, तिची वायरिंग त्यांनी स्वतः करून दिली. शालूबाईंनी ती रिक्षातून मांडीवर घेऊन आणली. बसवली, पट्टा चढवला आणि या वेळी वेळ न घालवता लग्नाची कॅसेट घातली.

ती मोटर मुळात जोरात पळणारी होती. टेप दीडपट वेगानं निघाली. भटजींच्या मंगलाष्टका चिमण्यांच्या भांडणासारख्या ऐकू आल्या. सनईचं पिपाणीत रूपांतर झालं. गावातले सगळे थोर-मोठे, ज्यांच्यापुढं शालूबाईंनी उभ्या जन्मात मान वर केली नव्हती, ते चिरक्या आवाजात एकमेकांना ‘बसा बसा’ म्हणत होते. निशिगंधाला चहा नाकातून आला. शालूबाईंनी पोट धरलं. कृष्णातरावांचा चेहरा आधी ताठ राहिला, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते डोळे पुसत भिंतीला टेकले. त्यांना असं हसताना त्यांच्या लेकीनं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात उखाणा आला आणि गेला. मच्छर कानाशी गुणगुणून जावा तसा. ‘गगनबावड्याच्या घाटात’ एवढं कळलं, मध्ये एक उचकी लागल्यासारखं झालं, काहीतरी चूं झालं आणि टाळ्या पडल्या.

“झालं?” कृष्णातराव म्हणाले. “थांबलो का कुठं?”

“मधी कायतरी हाय. स्पीड कमी करून ऐकू या.”

“हाच स्पीड बरा हाय. ऐकायला मजा येतीय.”

आकारामांनी युक्ती सांगितली. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात घड्याळजीचा पेचकस घालून केसाएवढं फिरवलं की वेग बदलतो. किती फिरवायचं ते घड्याळानं ठरवायचं. साठ मिनिटांची कॅसेट एका बाजूला तीस मिनिटं चालली पाहिजे. शालूबाईंनी साठची एक कॅसेट लावली. ती वीस मिनिटांत संपली. केसाएवढं फिरवलं, सव्वीस मिनिटं. पुन्हा फिरवलं, तर पस्तीसवर गेली आणि गाणारी बाई अंगात ताप असल्यासारखी गाऊ लागली. प्रत्येक खेपेला अर्धा-अर्धा तास थांबायचं. त्या तेवढ्या वेळात हुक लावायला बसायच्या.

कृष्णातरावांनी मग एक डाव टाकला. झुंबरबाईंना फोन करून त्यांनी सांगितलं, की तुमच्या ब्लाउजला अजून हात लागलेला नाही, तुम्हीच येऊन जरा बोला. झुंबरबाई तावातावानं आल्या. दार उघडं, डेक चालू, शालूबाईंचा एक डोळा घड्याळावर आणि एक हुकावर. झुंबरबाईंनी विचारलं हे काय चाललंय. शालूबाईंनी सगळं सांगितलं, उखाण्यापासून. झुंबरबाई खाली बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, घड्याळ माझ्याकडं द्या, तुम्ही बाह्या जोडा. दोन दुपारींत तीनही ब्लाउज तयार झाले आणि कॅसेट साडेएकोणतीस मिनिटांवर आली. तिसऱ्या दुपारी ती बरोबर तीसवर संपली. झुंबरबाईंनी घड्याळ उलटं-सुलटं करून बघितलं, मग शालूबाईंच्या हातावर टाळी दिली.

आता हटायला जागा नव्हती. कृष्णातरावांनी गगनबावड्याच्या आपल्या गावी फोन लावून बहिणीला बोलावून घेतलं. बयाबाई रविवारी सकाळच्या एसटीनं आल्या. सत्तरी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची बाई. दारातच म्हणाल्या, की भाऊ एका दमात बोलला हे मी तेव्हाबी सांगितलं, आताबी सांगतो, आणि यंत्र काय म्हणतंय ते यंत्राला माहीत. मग चप्पल काढून डेकच्या अगदी पुढ्यात बसल्या.

कॅसेट लागली. या वेळी भटजी भटजींसारखे बोलले. सनई सनईसारखी वाजली. शालूबाईंच्या गेलेल्या आईचा आवाज मध्येच आला, कुणाला तरी विचारत होती की अक्षता पुरल्या का. शालूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग गलका शांत झाला, कुणीतरी म्हणालं, आता पाव्हण्यांनी नाव घ्यावं, आणि पंचवीस वर्षांच्या कृष्णाताचा आवाज खोलीत उभा राहिला. कोवळा, घाबरलेला.

“गगनबावड्याच्या घाटात धुकं साचलंय दाट...”

आणि पुढं काही नाही. टेप फिरत होती, लहान मूल रडत होतं, कुठंतरी भांडं पडलं. एक, दोन, तीन, चार. कृष्णातरावांनी जमिनीकडं बघायला सुरुवात केली. बयाबाईंनी भावाकडं बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

मग अगदी माईकजवळून, दबक्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, “शालू हाय संगतीला...”

“...शालू हाय संगतीला, मग कशाला विचारू वाट,” असं कृष्णातानं धडाधड म्हणून टाकलं. टाळ्या, शिट्ट्या, आणि मागनं सयाजीमामांचा आवाज: “सांगितलं बगा म्या.”

शालूबाईंनी हात लांब करून डेक थांबवला. तो दबका आवाज मामांचा नव्हता. तो बाईचा होता.

“आत्या, तुमीच सांगितलासा व्हय?” निशिगंधानं विचारलं.

“माझा आवाज?” बयाबाई म्हणाल्या. “मी तवाबी कावळ्यागत बोलत हुतो. मी सांगितलं असतं तर अख्ख्या वडगावला ऐकू गेलं असतं.” त्यांनी मान वळवून भावजयीकडं निरखून बघितलं. “ही तूच हैस शालू.”

शालूबाईंनी टेप मागं घेतली, पुन्हा लावली. पुन्हा मागं घेतली. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांना एकदम सगळं आठवलं, आणि त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड त्यांच्या मावशीच्या शेजारच्या घरी उतरलं होतं. मेंदीचे हात वाळवत त्या मावशीच्याच मागच्या ओट्यावर बसल्या होत्या, आणि भिंतीपलीकडच्या गच्चीवर कुणीतरी फेऱ्या मारत एकच उखाणा घोकत होतं. तासभर. माणूस दिसत नव्हता, पण त्यांचं नाव घेत होता. शंभरदा तरी घेतलं असेल. त्यांनाही पाठ झाला होता. मंडपात तो अडकला तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, आणि नवरीनं आपलंच नाव आपण सांगितलं या लाजेनं त्यांनी ते स्वतःपासूनसुद्धा झाकून टाकलं. पुढं मामांनी श्रेय घेतलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. मामा कॅसेट का देत नव्हते, तेही आता उमगलं.

हे त्यांनी अडखळत, अर्धं हसत सांगितलं.

“तू ऐकत हुतीस?” कृष्णातराव म्हणाले. “गच्चीवरचं?”

“सगळं.”

“मंग छत्तीस वर्षं मला कशाला नावं ठेवलीस?”

“अडकला न्हवता असं तुमी म्हणत हुता म्हणून.”

कृष्णातरावांनी कपाळाला हात लावला. मग ते हसायला लागले. बयाबाई हसल्या तेव्हा फळीवरची भांडी वाजली. ते ऐकून शेजारच्या दोन बायका काय झालं म्हणून आल्या, त्यांना सगळं पहिल्यापासून ऐकवावं लागलं, कॅसेटसकट. प्रत्येक खेपेला त्या चार सेकंदांच्या शांततेत कृष्णातराव स्वतःच बोट वर करून मोजू लागले. पाचव्या खेपेला ते उठून उभे राहिले आणि टेपच्या आधीच बायकोकडं बघून पुढची ओळ म्हणून मोकळे झाले, तीही न अडकता. शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. दुपारच्या एसटीची वेळ टळून गेली आणि तव्यावरची भाकरी करपली, तरी बयाबाईंनी उठायचं नाव घेतलं नाही. उलट दुसरी बाजू लावा म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूला नुसता बँड होता आणि पंगतीतला गोंधळ. निशिगंधानं आत्याला हात धरून उठवलं, आत्यानं भावाला ओढलं, आणि पुढच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत तिघं नाचायला लागली. शालूबाईही उठल्या, दोन पावलं टाकली आणि थबकल्या. डाव्या बॉक्समधून बँडच्या प्रत्येक ठोक्यामागं एक बारीक कुरकुर येत होती.

“ऐकू आलं?” त्यांनी विचारलं.

कुणालाच ऐकू आलं नव्हतं. शालूबाईंनी डेक बंद केला आणि वायर काढून ठेवली. पडद्यामागं कुठंतरी पट्टीची एक कड सुटली असणार. त्यांनी बॉक्स आडवा केला. कृष्णातरावांनी न सांगता तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, बयाबाईंनी स्क्रू ठेवायला आपला पंजा पुढं केला, आणि निशिगंधा सोल्युशनची ट्यूब शोधायला आत गेली.